सॉकेटमधले तिसरे छिद्र

जुहूच्या किनाऱ्यापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, १९६० च्या दशकातली. न्हाणीघर सहा फूट बाय चार फूट. एक नळ, एक बादली, उंचावर एक झरोका आणि छताजवळ एक दिवा. न्हाणीघरात वीज येते ती एवढ्या दिव्यापुरतीच. पाणी तापवायला बाईंकडे बरीच वर्षे गॅसचा गीझर होता. पण बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावल्याच्या बातम्या मुंबईत अधूनमधून येतात. तशी एक बातमी वाचल्यावर त्यांनी तो काढून टाकला आणि विजेचा गीझर बसवायचे ठरवले. त्यासाठी न्हाणीघरात एक प्लगपॉइंट हवा होता.

वायरमन आला. त्याने बोर्ड उघडून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, अर्ध्या दिवसाचं काम आहे. दिव्याच्या लाइनीवरूनच पॉइंट काढतो. अर्थिंग मात्र तुमच्याकडे येत नाही. पण काळजी करू नका, न्यूट्रलमधूनच अर्थ देऊन टाकतो. जुन्या घरांत सगळीकडे तसंच करतात."

बाईंनी तीस वर्षे आठवी-नववीला विज्ञान शिकवले होते. त्यांनी त्याला थांबायला सांगितले आणि आम्हाला फोन केला. म्हणाल्या, "न्यूट्रल म्हणजे परतीची तार आणि अर्थ म्हणजे सुरक्षेची तार, एवढं मी मुलांना शिकवलं. दोन्ही शेवटी जमिनीलाच जोडलेल्या असतात, हेही शिकवलं. मग एकीचं काम दुसरीने केलं तर बिघडलं कुठे?"

प्रश्न मोठा चांगला आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत या दोन तारांमधला फरक फक्त रंगाचा वाटतो. पण न्हाणीघरात हा फरक जीवन-मरणाचा ठरतो. तो कसा, हे या लेखात पायरीपायरीने पाहू या.

जुनी इमारत, जुन्या तारा

जुहूत अशा जुन्या, बुटक्या इमारती अजून बऱ्याच दिसतात, याला कारण आहे. इथला विमानतळ १९२८ सालचा. त्याच्यामुळे आणि लष्कराच्या बिनतारी केंद्रामुळे आसपासच्या बांधकामांच्या उंचीवर बंधने आहेत. त्यामुळे उपनगरांत इतरत्र जुन्या इमारती पाडून मनोरे उभे राहिले, तरी इथल्या अनेक इमारती होत्या तशाच राहिल्या. घरातली यंत्रे बदलली, तारा मात्र त्याच राहिल्या.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली. तो पुरवठा पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ पासून अदानी समूहाकडे आला. कंपनी कोणतीही असो, तिचे काम मीटरपर्यंत. मीटरच्या पुढच्या तारा घरमालकाच्या. साठ वर्षांपूर्वी त्या ओढल्या तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ असे. लाकडी पट्टीवरून फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा खोल्याखोल्यांत नेत. तिसरी, म्हणजे अर्थची तार फार तर स्वयंपाकघरातल्या एखाद्या मोठ्या पॉइंटला देत. दिव्याला तिसरी तार लागत नाही, असा तेव्हाचा हिशेब होता. न्हाणीघरात तर दिव्याशिवाय काही नव्हतेच.

दिव्याची ती तार साधारण सव्वा चौरस मिलिमीटर जाडीची असते. गीझर २००० वॉटचा धरला तर २३० व्होल्टला तो २००० ÷ २३० म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. चटकन पाणी तापवणारा ३००० वॉटचा असेल तर १३ अँपिअर. पाच अँपिअरच्या हिशेबाने ओढलेल्या आणि साठ वर्षांत आवरण कडक होऊन तडकलेल्या तारेवर एवढा भार टाकणे म्हणजे भिंतीवर शेगडी बांधण्यासारखे आहे. शिवाय त्या काळात तांब्याच्या टंचाईमुळे अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियमला तांब्याची नवी तार पिळून जोडली, की दोन वेगळ्या धातूंचा सांधा तयार होतो. जुहूच्या हवेत समुद्राचे मीठ आणि ओलावा आहेच. म्हणजे दोन धातू आणि त्यांच्यामध्ये विद्युत-अपघटनी द्रव, असा छोटासा विद्युतघटच तिथे बनतो. ॲल्युमिनियम गंजते, सांध्याचा रोध वाढतो आणि सांधा तापू लागतो.

म्हणून पहिली गोष्ट सोपी आहे. गीझरचा पॉइंट दिव्याच्या लाइनीवरून काढू नये. मुख्य बोर्डापासून त्याची स्वतंत्र लाइन आणावी. तारा तांब्याच्या, भार आणि अंतर पाहून २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरच्या घ्याव्यात आणि त्या लाइनीला वेगळा एमसीबी असावा. हे बहुतेक वायरमन मान्य करतात. खरी अडचण आहे ती तिसऱ्या तारेची.

वीज जमिनीत 'जाते' म्हणजे काय?

"बिघाड झाल्यास वीज अर्थच्या तारेतून जमिनीत निघून जाते" हे वाक्य आपण सर्वांनी शिकवले आहे. ऐकणाऱ्याला वाटते की जमीन वीज गिळून टाकते. वस्तुस्थिती तशी नाही. धारा नेहमी मंडलातून वाहते आणि जिथून निघाली तिथेच परत जाते. आपल्या घरातली धारा वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून फेजच्या तारेने निघते आणि न्यूट्रलच्या तारेने परत ट्रान्सफॉर्मरकडे जाते.

या ट्रान्सफॉर्मरचे न्यूट्रलचे टोक तिथेच जमिनीत पुरलेल्या धातूला जोडलेले असते. त्यामुळे परतीच्या दोन वाटा तयार होतात. एक न्यूट्रलच्या तारेतून, दुसरी जमिनीतून. फेजला हात लावून ओल्या जमिनीवर उभे राहिलेल्या माणसाला धक्का बसतो, तो या दुसऱ्या वाटेमुळे. त्याच्या शरीरातून, पायांतून, फरशीतून आणि जमिनीतून धारा ट्रान्सफॉर्मरकडे परत जाते. त्या मंडलात माणूस हा एक रोध असतो.

हा रोध किती? कोरड्या त्वचेचा रोध बराच मोठा असतो. मल्टिमीटरने मोजला तर लाखांत भरतो. मात्र मल्टिमीटरचा दाब दोन-चार व्होल्टचा असतो. २३० व्होल्टला त्वचा एवढी दाद देत नाही. त्वचा ओली, साबणाची असेल तर तिचा अडसर जवळजवळ संपतो आणि उरतो शरीराच्या आतल्या खारट द्रवांचा रोध. ओल्या माणसाचा एकूण रोध हिशेबासाठी १००० ओहम धरू. मग ओहमच्या नियमाने धारा २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर.

ही धारा माणसाच्या दृष्टीने किती मोठी? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वयंसेवकांवर याविषयीचे प्रयोग केले. हातात धरलेली तार सोडता येईल अशी कमाल धारा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सरासरी १०.५ मिलिअँपिअर भरली. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे श्वासाचे स्नायू आखडू लागतात. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर धारा छातीतून एखादा सेकंद वाहिली, तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते. नऊ वॉटचा साधा एलईडी दिवासुद्धा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. यावरून माणसाला किती थोडी धारा पुरते, याची कल्पना येईल.

आता फ्यूजकडे पाहा. गीझरचा एमसीबी १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा. त्याच्या लेखी २३० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. फ्यूज आणि एमसीबी तार जळू नये म्हणून असतात. माणूस वाचवणे हे त्यांचे काम नव्हे, आणि त्यांना ते जमतही नाही. वर्गात हे आवर्जून सांगायला हवे, कारण "फ्यूज आहे, मग भीती कशाची?" हा समज मोठ्या माणसांतही पक्का असतो.

तिसऱ्या छिद्राचे काम

गीझरच्या आतल्या तापणाऱ्या दांड्याचे आवरण काही वर्षांनी गंजते. एक दिवस फेजचा संपर्क पाण्याशी आणि टाकीच्या धातूशी होतो. गीझर नेहमीसारखा चालू असतो आणि पाणीही तापत असते. पण आता टाकीवर, पाण्यात आणि धातूच्या नळावर २३० व्होल्टचा दाब आलेला असतो. आंघोळीला गेलेल्या माणसाला ते दिसत नाही.

सॉकेटमधले वरचे मोठे छिद्र आहे ते यासाठी. टाकीचा धातू एका तारेने या छिद्रातून थेट इमारतीच्या अर्थला जोडलेला असतो. या वाटेचा एकूण रोध एक ओहम असेल तर बिघाड होताच २३० ÷ १ = २३० अँपिअर धारा वाहू पाहते. १६ अँपिअरचा एमसीबी क्षणात पडतो. माणूस न्हाणीघरात शिरण्यापूर्वीच गीझर बंद झालेला असतो.

तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते, तेही यावरून कळते. लांब असल्याने प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. फेजचा संपर्क असेपर्यंत अर्थ असतोच. आणि जाड असल्याने ती चुकून फेजच्या छिद्रात शिरू शकत नाही.

न्यूट्रलचा 'अर्थ'

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. वायरमन करणार होता ते एवढेच: सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत चार बोटांची एक तार. त्याने तपासून दाखवले असते तर सारे ठीकच दिसले असते. फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावला की तो लख्ख पेटला असता. गीझरमध्ये बिघाड झाला तरी फेज आणि न्यूट्रलचा शॉर्ट होऊन एमसीबी पडला असता. मग धोका कुठे आहे?

धोका आहे तो न्यूट्रल तुटण्यात. न्यूट्रल ही रोज धारा वाहणारी तार आहे. तिच्यावर सांधे असतात, स्क्रू असतात, ते सैल होतात आणि गंजतात. जुन्या घरांत तर आणखी एक गोष्ट आढळते. चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज शेजारीशेजारी असतात, एक फेजमध्ये आणि दुसरा न्यूट्रलमध्ये. एकट्या न्यूट्रलमध्ये फ्यूज घालू नये असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून आहे, तरी जुन्या बोर्डांवर अशी जोडी भेटते. समजा, न्यूट्रलचा फ्यूज उडाला. गीझरचे बटन चालू आहे. फेज तापणाऱ्या दांड्यातून पलीकडे न्यूट्रलच्या टोकापर्यंत पोहोचते. पुढे वाट नाही, म्हणून धारा थांबते. धारा नाही, म्हणून दांड्यात दाबाची घटही नाही. म्हणजेच न्यूट्रलच्या टोकावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. आणि त्या टोकाला आपण त्या चार बोटांच्या तारेने गीझरची टाकी जोडून ठेवली आहे!

गीझरमध्ये काहीही बिघाड नसताना त्याचा धातू आणि नळ 'जिवंत' होतात. घरातला माणूस काय समजतो? "लाइट गेलेले दिसतात." दिवे बंद, पंखे बंद. तो अंधारात चाचपडत न्हाणीघरात जातो आणि नळाला हात लावतो. सुरक्षेसाठी म्हणून जोडलेली तार धक्का देणारी तार बनते.

म्हणून बाईंना आम्ही सांगितले, "दोन्ही तारा शेवटी जमिनीलाच जोडलेल्या असतात, हे खरं. पण न्यूट्रलला रोज काम असतं. अर्थला एरवी काहीच काम नसावं लागतं. जी तार रोज धारा वाहते ती कधी ना कधी तुटते, आणि तुटली की तिच्यावर दाब येतो. ज्या तारेवर माणसाने विसंबायचं, तिच्यात एरवी धारा असता कामा नये."

नळाचा अर्थ

न्यूट्रलचा नाही, तर नळाचा अर्थ घ्यावा, अशी आणखी एक युक्ती जुन्या घरांत सापडते. पाण्याच्या लोखंडी नळाला तार गुंडाळायची. पूर्वी नळ थेट जमिनीत जाई, तेव्हा हे कसेबसे चाले. आता इमारतीचे नळ तुकड्यातुकड्याने बदलले जातात. खाली प्लॅस्टिकचा पाइप बसला, की वरच्या लोखंडी नळाचा जमिनीशी संबंध तुटतो. अशा वेळी पहिल्या मजल्यावरच्या गीझरचा बिघाड तिसऱ्या मजल्यावरच्या नळावर हजर होतो. चूक एकाच्या घरात आणि धक्का दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे. कोणत्याही इमारतीत नळाला अर्थची तार गुंडाळलेली दिसली, तर तो विषय सोसायटीच्या सभेत काढायला हवा.

अर्थ आहे, पण कसा आहे?

बाईंच्या इमारतीत अर्थ मुळात होता की नव्हता? नियमानुसार वीजपुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत अर्थचे टोक द्यायचे असते, आणि इमारतीचाही आपला अर्थ असतो. शोध घेतल्यावर मीटरच्या खोलीत जस्त चढवलेली एक पट्टी सापडली. ती जमिनीकडे जात होती, पण हात लावताच तिचा पापुद्रा निघाला. वायरमनने तिच्यावर बल्ब लावून पाहिला. बल्ब पेटला. "अर्थ आहे की!" तो म्हणाला.

इथे जरा थांबून गणित करायला हवे. शंभर वॉटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध २३० × २३० ÷ १०० म्हणजे ५२९ ओहम. गंजलेल्या अर्थचा रोध २० ओहम आहे असे समजा. एकूण रोध ५४९ ओहम. बल्बच्या वाट्याला २३० × ५२९ ÷ ५४९, म्हणजे सुमारे २२२ व्होल्ट येतात. बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. आता त्याच अर्थवर गीझरचा बिघाड आणा. धारा २३० ÷ २० = ११.५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही. टाकीवर जवळजवळ पूर्ण दाब तसाच राहतो. बल्ब पेटला, याचा अर्थ वाट आहे एवढाच. ती पुरेशी रुंद आहे, असे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी अर्थचा रोध मोजण्याचे यंत्र लागते आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे ते असते.

किनाऱ्यालगतच्या जमिनीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. कोरडी वाळू विजेची वाट अडवते, तर खाली खारे पाणी लागले की वाट मोकळी होते. पण तेच खारे पाणी लोखंडी पाइप लवकर खाते. अर्थच्या खड्ड्यात कोळसा आणि मिठाचे थर घालण्याची आपल्याकडची जुनी रीत ओल धरून रोध कमी करते, मात्र त्याबरोबर गंजही वाढवते. पावसाळ्यात उत्तम भरलेला अर्थ मे महिन्यात खराब भरू शकतो. म्हणून मोजणी भर उन्हाळ्यात करावी, आणि दर वर्षी करावी.

तीस मिलिअँपिअरचा पहारेकरी

अर्थ असा बेभरवशाचा असू शकतो, म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक साधन लागते. ते म्हणजे आरसीसीबी. याच्यामागचा विचार फार साधा आहे. फेजने जेवढी धारा घरात गेली, तेवढीच न्यूट्रलने परत यायला हवी. कमी आली, तर उरलेली कुठून तरी गळते आहे.

आरसीसीबीच्या आत लोहचुंबकीय पदार्थाची एक कडी असते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तिच्यातून जातात. दोघींतल्या धारा समान आणि उलट दिशेच्या असतील तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. कडीवर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यात काहीच निर्माण होत नाही. गळती झाली की तोल ढळतो, वेटोळ्यात दाब निर्माण होतो आणि खटका पडतो. अशा प्रकारचे घरगुती उपकरण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तयार झाले ते याच डालझील यांच्या हातून. १९७५ पासून तिथल्या विद्युत संहितेने नव्या न्हाणीघरांतल्या सॉकेटना ते सक्तीचे केले. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरांसाठी ३० मिलिअँपिअर ही मर्यादा सांगितली आहे.

पूर्ण ३० मिलिअँपिअर गळतीला हा खटका जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पडतो, आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात. हृदयाचा एक ठोका साधारण ०.८ सेकंदांचा. म्हणजे धक्का बसतो, पण हृदय बिघडण्याइतका वेळ धारा सहसा वाहत नाही.

मग अर्थची गरज उरतेच का? उरते. अर्थ नसेल तर टाकीवर दाब येऊनही धारेला बाहेर पडायला वाट नसते. तोल ढळत नाही, आणि आरसीसीबी वाट पाहत बसते. तोल ढळतो तो माणसाने हात लावल्यावर. म्हणजे बिघाड शोधण्याचे साधन माणूसच ठरतो. अर्थ असेल तर, तो २० ओहमचा का असेना, ११.५ अँपिअरची गळती लगेच होते आणि खटका तेव्हाच पडतो. दोघे मिळून काम करतात ते असे. आणि सॉकेटमागे न्यूट्रल-अर्थ जोडून ठेवले असतील, तर गळती परतीच्याच तारेत शिरते आणि आरसीसीबीला ती दिसत नाही.

आरसीसीबीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर जाणारी आणि येणारी धारा समान राहते. मग आरसीसीबीला माणूस आणि दिवा यांत फरक कळत नाही. तिच्यावरचे 'टी' बटन महिन्यातून एकदा दाबावे. ते दाबल्यावर खटका पडला तर यंत्र चालू आहे, एवढेच कळते. अर्थ चांगला आहे की नाही हे कळत नाही. आणि जुन्या घरात ती पावसाळ्यात वारंवार पडू लागली, तर "ही सारखी पडते" म्हणून तिला वगळून टाकू नये. भिंतीतल्या तारा गळत आहेत, हेच ती सांगत असते.

पॉइंट कुठे असावा?

आंतरराष्ट्रीय संहितांमध्ये न्हाणीघराचे विभाग पाडले आहेत. टबाच्या आतला, टबावर २.२५ मीटर उंचीपर्यंतचा आणि त्याच्या कडेपासून ६० सेंटिमीटरपर्यंतचा. साधा सॉकेट या तिन्ही विभागांच्या बाहेर असावा लागतो. ही मांडणी टबात आंघोळ करणाऱ्या देशांतली. आपण बादली आणि तांब्या घेऊन बसतो. पाणी चारही भिंतींवर उडते. सहा बाय चारच्या न्हाणीघरात 'बाहेरचा विभाग' दाराबाहेरच सुरू होतो.

म्हणून आपल्यासाठी उत्तर असे. गीझर उंच बसवावा. त्याची तार वरच्या वर भिंतीतून बाहेर काढून सॉकेट आणि स्विच दाराबाहेर, बाहेरच्या भिंतीवर घ्यावेत. स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा असावा. आंघोळीपूर्वी तो बंद करण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी. केस वाळवण्याचे यंत्र, मोबाइलचा चार्जर किंवा बादलीत टाकायचा रॉड यांच्यासाठी न्हाणीघरात पॉइंट घेऊच नये. शयनगृहातून एक्स्टेन्शनची तार ओढून आत नेणे तर त्याहून वाईट.

बाईंच्या घरी काय झाले?

बाईंचा गीझर त्या महिन्यात बसला नाही. त्यांनी सोसायटीच्या सभेत हा विषय मांडला. प्लगपॉइंट एकेकाचा असतो, पण अर्थ साऱ्या इमारतीचा असतो, पाण्याच्या टाकीसारखा. हे पटायला एक सभा पुरली नाही, दोन लागल्या. परवानाधारक ठेकेदाराने मोजणी केली. अडीच मीटर लांबीचा जस्त चढवलेला नवा पाइप जमिनीत गेला, मीटरच्या खोलीपासून प्रत्येक मजल्यापर्यंत अर्थची हिरवी तार आली, आणि बाईंच्या बोर्डावर आरसीसीबी बसली. मग गीझरचा पॉइंट घेतला, दाराबाहेर. काम करणारा तोच वायरमन होता. जाताना तो बाईंना म्हणाला, "मॅडम, आतापर्यंत किती घरांत न्यूट्रल जोडून दिलाय, मोजायला पाहिजे." बाई म्हणाल्या, "मोजू नका, परत जाऊन काढा." तीन घरांतला काढल्याचे त्याने पुढे फोन करून कळवले.

वर्गात करून पाहा

पुढील प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर करायचे आहेत. घरातल्या सॉकेटला हात लावायचा नाही, हे आधी मुलांना बजावावे.

१. तीन पिनांचा सुटा प्लग घेऊन पिनांची लांबी आणि जाडी मोजा. कोणती पिन आधी जोडली जाईल? मुलांनाच कारण शोधू द्या.

२. मल्टिमीटरची दोन टोके दोन हातांच्या बोटांत धरून रोध मोजा. मग बोटे मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. आकडे फळ्यावर लिहा आणि न्हाणीघराशी त्यांचा संबंध लावा.

३. लाल आणि काळी अशा दोन आवरणयुक्त तारा एकत्र धरून होकायंत्राभोवती दहा वेढे घाला. वेढे सुईला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत असावेत. सेलमधून धारा लाल वेढ्यांतून टॉर्चच्या बल्बकडे जाऊ द्या आणि काळ्या वेढ्यांतून उलट दिशेने परत आणा. बल्ब पेटेल, पण सुई हलणार नाही. आता बल्बच्या परतीच्या टोकापासून एक हिरवी तार होकायंत्राला वळसा घालून थेट सेलला जोडा. धारेचा काही भाग हिरव्या तारेतून जाईल, तोल ढळेल आणि सुई वळेल. आरसीसीबीच्या कडीत घडते ते हेच.

सुई वळल्यावर मुलांना विचारा: हिरव्या तारेच्या जागी माणूस असता तर?